पॉवर बटण ते पहिला शब्द : अंध माणसाने एकट्याने लिनक्स टाकणं

मिरजेचा_श्रोता :

नमस्कार मंडळी. मी जन्मांध, नोकरीत क्लार्क, विंडोजवर एनव्हीडीए (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे स्क्रीन रीडर) घेऊन बारा वर्षं काम करतोय. लिनक्सही (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम) वापरतो, पण आजवर प्रत्येक वेळी ते दुसऱ्या कुणीतरी टाकून दिलेलं. आधी भाच्याने, मग एका दुकानदाराने. त्या दुकानदाराने पासवर्ड स्वतःच्या मनाने ठेवला आणि सांगायचं विसरला, मी दोन दिवस लॉगिनच्या स्क्रीनसमोर बसून होतो. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी कुणालाही बोलवायचं नाही.

गेल्या शनिवारी रात्री केलं. जुना लॅपटॉप, डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार), इन्स्टॉल करायचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये रुफस नावाच्या प्रोग्रामने बनवला (एनव्हीडीएसोबत नीट चालतं ते). आई आतल्या खोलीत झोपलेली म्हणून स्पीकर अगदी हळू, कान लॅपटॉपला लावून बसलो. बटण दाबलं, पंखा फिरला, आणि दोन बारीक बीप आल्या. डेबियनचा बूट मेनू तयार झाला की बीप देतो, जुन्या बायोसवर (बटण दाबल्यावर सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) एक आणि त्याच्या नव्या प्रकारावर, यूईएफआयवर, दोन. मग इंग्रजी एस दाबून एंटर. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. पेनड्राइव्ह तापलाय का ते बोटाने बघत होतो, दुसरं करणार काय. आणि मग ईस्पीकचा (मजकूर बोलून दाखवणारा कृत्रिम आवाज) तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज आला, हे कार्ड वापरायचं असेल तर एंटर दाबा म्हणून. माझ्या मशीनला दोन साउंड कार्डं, एक एचडीएमआयचं आणि एक स्पीकरचं. तो आळीपाळीने दोन्हींवर विचारतो, ज्याच्यावरून ऐकू येईल त्याला एंटर द्यायचा. इतकी साधी गोष्ट, पण ज्याने कुणी सुचवली त्याने ऐकणाऱ्याचा विचार केलाय.

पुढे सगळं आकड्यांवर. यादी वाचून दाखवतो, हवा तो नंबर टाइप करून एंटर. पार्टिशनला, म्हणजे डिस्कची वाटणी करायच्या पायरीला, आलो तेव्हा हात थांबला. सगळी डिस्क वापरायची म्हणून सांगितलं, त्याने सगळे बदल वाचून दाखवले आणि शेवटी विचारलं डिस्कवर लिहू का, १ हो, २ नाही. आधीपासून निवडलेलं 'नाही' असतं. नंबरपॅडवरचं ८ दाबलं की चालू ओळ परत वाचतो, ७ ने मागची, ९ ने पुढची. मी ती यादी चार वेळा ऐकली, डिस्कची साइज जुळवली, मग १.

पाऊण-एक तासाने रीस्टार्ट झालं आणि लॉगिन स्क्रीन आपोआप बोलली. म्हणजे इन्स्टॉल करताना आवाज वापरला तर तीच सेटिंग नव्या सिस्टीममध्ये जाते, ऑर्का (लिनक्सचा स्क्रीन रीडर) शोधून चालू करावा लागत नाही. रात्री पावणेदोन वाजले होते. आयुष्यात पहिल्यांदा एक कॉम्प्युटर पहिल्या बटणापासून माझा होता, युजरचं नाव मी ठेवलेलं, पासवर्ड मला एकट्याला माहीत.

धागा काढायचं कारण, तुमचा अनुभव सांगा. डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कुठली चांगली हा वाद नकोय. आवाज नेमका कुठे गायब होतो, ते सांगा.

कमांड_काका :

अभिनंदन हो! पावणेदोनला तुम्हाला काय वाटलं असेल त्याची कल्पना येते. मी डोळस आहे, निवृत्तीनंतर नाशकात पोरांना जमवून जुन्या मशीनवर लिनक्स टाकून देतो. आजवर मी समजत होतो की ग्राफिकल इन्स्टॉलर सोपा आणि तो काळा मजकुराचा अवघड, तुमच्या बाबतीत तर उलटंच निघालं. एक विचारतो, दोन अंध मुलं येणार आहेत पुढच्या महिन्यात, त्यांच्यासाठी मी आधी काय तयारी करू? माझ्याकडे व्हेंटॉयचा (एकाच पेनड्राइव्हवर अनेक सिस्टीम ठेवता येतात तो) एकच पेनड्राइव्ह आहे, त्यात आठ आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फाइली) आहेत.

मिरजेचा_श्रोता :

काका, व्हेंटॉय त्या दिवशी घरी ठेवा. त्याचा स्वतःचा मेनू मुका आहे, बाण किती वेळा दाबायचा ते पाठ करावं लागतं आणि एक आयएसओ वाढवली की क्रम बदलतो. एक पेनड्राइव्ह एक आयएसओ, आणि कोणता कुठला ते कळायला एकाला रबरबँड लावा. आणि विनंती, तुम्ही माउस धरू नका. बायोसमध्ये पेनड्राइव्ह पहिला करून द्या कारण तिथे कुठलाच आवाज नसतो, तिथे डोळे लागतातच. त्यानंतर हात मागे.

एफवायची_शलाका :

दादा तुमचा लेख वाचून (म्हणजे ऐकून 🙂) मी काल बसले पण माझं पहिल्याच पायरीला अडलं. मी पुण्यात हॉस्टेलला असते, लॅपटॉप नवीन आहे, स्कॉलरशिपच्या पैशातून घेतलाय. बूट ऑर्डर रूममेटने लावून दिली आणि ती लेक्चरला गेली. मी बटण दाबलं आणि बीप आलीच नाही. थांबले, परत एस एंटर, परत काही नाही, बाण दाबून बघितले, परत एस, असं चार वेळा रीस्टार्ट केलं. पेनड्राइव्ह खराब आहे की लॅपटॉप की माझं चुकतंय काहीच कळेना. शेवटी विंडोज चालू करून बघितलं तर एनव्हीडीए बोलला आणि मला रडूच आलं कारण वाटलेलं की सगळं उडालं. सांगा ना काय करू

म्युनिकची_मराठी :

शलाका, तुझं काहीच चुकलेलं नाही, आणि काही उडणारही नव्हतं, मेनूत बाण दाबून डिस्कला धक्का लागत नाही. मी इथे जर्मनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, नोकरीतला बराच वेळ स्क्रीन रीडरवरच जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ती बीप मदरबोर्डच्या छोट्या स्पीकरची असते. नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा तो स्पीकर नसतोच, म्हणजे बीप दिली जाते पण वाजायला काही नाही, आणि बीपशिवाय एस नेमकं कधी दाबायचं तेच कळत नाही. डेबियनच्या लोकांनी याच्यासाठी दुसरी सोय ठेवलीये आणि ती फार कमी जणांना माहितीये. मेनूत कुणीच काही दाबलं नाही तर ३० सेकंदांनी आवाजवालं इन्स्टॉलेशन आपोआप सुरू होतं. पण एक जरी की दाबली तरी ते घड्याळ थांबतं! तू बाण दाबत राहिलीस आणि दर वेळी तूच ते थांबवत गेलीस, आणि तुला ते कळायला काही मार्गच नव्हता. स्क्रीनवर ते लिहिलेलं असतं. ज्याला गरज आहे त्यालाच ते वाचता येत नाही, हे मला फार लागतं.

तर यावेळी बटण दाब आणि हात मांडीवर ठेव. दोन-अडीच मिनिटं काही करू नकोस.

दुसरी शक्यता फर्मवेअरची, म्हणजे हार्डवेअरला चालायला लागणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची. नव्या इंटेल लॅपटॉपच्या साउंडला साउंड ओपन फर्मवेअर म्हणून एक फाइल लागते, ती नसेल तर कार्डच दिसत नाही आणि कार्ड नाही तर आवाज नाही. डेबियन १२ पासून म्हणजे जून २०२३ पासून अशी फर्मवेअर अधिकृत आयएसओमध्येच येते. त्याच्या आधी नियम असा होता की मुक्त परवाना नसलेलं काही मुख्य आयएसओत ठेवायचं नाही. तत्त्व म्हणून मला ते पटायचं, पण वायफाय चाललं नाही तर डोळस माणूस केबल लावतो, साउंड चाललं नाही तर अंध माणसाची स्क्रीनच गेली. तेव्हा आधी बघ आयएसओ जुनी नाही ना.

शंकेखोर :

चर्चा चांगली चाललीये, मनापासून विचारतोय, राग मानू नका. इन्स्टॉलेशन आयुष्यात दोन-तीनदा होतं. तेवढ्यापुरतं कुणा मित्राला बसवलं तर काय बिघडलं? अहो बरेच डोळस लोकही दुकानातूनच करून घेतात. तेवढीच मेहनत डेव्हलपर लोकांनी रोजच्या वापरातल्या गोष्टींवर घातली, ऑफिस, ब्राउझर, पीडीएफ, तर जास्त फायदा नाही का?

मिरजेचा_श्रोता :

राग नाही दादा, हाच प्रश्न मला घरातूनही आलाय.

डोळस माणूस दुकानात जातो कारण त्याला कंटाळा येतो किंवा वेळ नसतो, मनात आलं तर रविवारी बसून तो स्वतः करू शकतो. मला ती निवडच नव्हती. आणि मदत मागणं म्हणजे नुसता एक फोन नाही. समोरच्याची वेळ बघायची, चहापाणी बघायचं, तो घाईत असेल तर त्याने निवडलेलं सगळं मुकाट्याने घ्यायचं, तो पासवर्ड टाइप करताना समोर बसायचं. मशीन बिघडलं तर रात्री दहाला बिघडतं, आणि सकाळी मला ऑफिसचं काम असतं. माझ्याबरोबरचा एकजण, तोही अंध, सर्व्हर सांभाळायची परीक्षा पास झाला, कमांड सगळ्या तोंडपाठ. मुलाखतीत विचारलं सिस्टीम स्वतः टाकता येईल का. तो गप्प बसला. त्याला येत होतं सगळं, इन्स्टॉलर बोलत नव्हता इतकंच.

आणि रोजच्या गोष्टींचं म्हणाल तर दारच उघडलं नाही तर आत कितीही चांगलं फर्निचर असू दे.

शंकेखोर :

मुलाखतीचं वाचून थांबलो. या बाजूने विचार केला नव्हता. धन्यवाद.

म्युनिकची_मराठी :

शंकेखोर, मेहनतीचा मुद्दा घेतलात म्हणून सांगते, आत काय चालतं ते. लिनक्सच्या डेस्कटॉपवर प्रत्येक बटणाने आपलं नाव आणि प्रकार एटी-एसपीआय नावाच्या व्यवस्थेला सांगायचा असतो, ऑर्का ते तिथून उचलून बोलतो. बटण बनवणाऱ्याने नाव दिलंच नाही तर ऑर्का नुसतं 'बटण' म्हणतो, आणि इन्स्टॉलरमध्ये अशी पाच बटणं ओळीने आली की कुठलं डिस्क पुसणारं ते कसं कळणार. दुसरी भानगड, इन्स्टॉलर बऱ्याचदा रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालतो आणि ऑर्का साध्या युजरच्या सेशनमध्ये, दोघांची बोलायची लाइनच वेगळी, म्हणून खिडकी समोर उघडी असूनही ऑर्काला तिथे काहीच सापडत नाही. मी एका अतिशय लोकप्रिय डिस्ट्रोच्या इन्स्टॉलरवर डोळे मिटून अख्खी संध्याकाळ घालवलीये, टॅब टॅब टॅब आणि शांतता. हे नंतर दुरुस्त करायला महिने जातात, आधीपासून लक्षात ठेवलं तर एका बटणाला एक ओळ लागते.

डेबियनचा आवाजवाला इन्स्टॉलर या सगळ्यात पडतच नाही. तो साधा मजकूर आहे आणि तो वाचणारा स्पीकअप हा स्क्रीन रीडर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतच बसलेला. स्पीकअप वर्षानुवर्षं कर्नलच्या 'स्टेजिंग' भागात म्हणजे कच्च्या मालात पडून होता, २०२० मध्ये ५.९ आवृत्तीला तो बाहेर आला. डेबियनमध्ये बोलणारं इन्स्टॉलेशन २०१३ च्या व्हीझी आवृत्तीपासून आहे. त्याआधी ब्रेल डिस्प्ले (मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणारं यंत्र) असेल तर काम व्हायचं, पण ब्रेल डिस्प्लेची किंमत लॅपटॉपच्या वर जाते, आपल्याकडे कितीजण घेणार.

इथे जर्मनीत क्लाउस क्नॉपरने त्याच्या नॉपिक्स या लिनक्समध्ये ॲड्रियान म्हणून बोलणारा मेनू केला, त्याच्या बायकोचं नाव ॲड्रियान आणि ती अंध आहे. मला त्यातलं हे आवडतं की सुरुवातच वापरणाऱ्या माणसापासून झाली. आपल्या जवळ म्हणाल तर केरळात ॲक्सेसिबल कोकोनट हे अंधांसाठीचं लिनक्स आहे, उबुंटू माटे या डिस्ट्रोवर बांधलेलं. केरळच्या शाळांतून लिनक्स आधीच होतं, त्यामुळे तिथे अंध शिक्षक आणि मुलं हे वापरणारी तयार झाली. आपल्याकडे का नाही हा प्रश्न मी इथेच ठेवते.

आर्च लिनक्सवाल्यांनीही २०२१ पासून अधिकृत आयएसओमध्ये बोलणारी एंट्री ठेवलीये, मेनूत एक बाण खाली आणि एंटर. आधी त्यासाठी टॉकिंगआर्च नावाची आयएसओ वेगळी घ्यावी लागायची.

पेटी_मास्तर :

नमस्कार. सावंतवाडीहून. मी हार्मोनियम शिकवतो, वय ५८, दृष्टी गेली त्याला सहा वर्षं झाली, काचबिंदू. तुम्हा सगळ्यांसारखा मी सराईत नाही. ईस्पीकचं इंग्रजी मला कळतच नाही, एवढ्या भराभर बोलतो आणि उच्चार परके. मराठीत बोलतं का हे? इन्स्टॉल मुलगी करून देईल, पण पुढे मला मराठी ऐकायला हवं. शिष्यांची यादी, बंदिशी, हे सगळं मराठीत आहे माझं.

मिरजेचा_श्रोता :

मास्तर, बोलतं. ईस्पीक-एनजीमध्ये मराठी आवाज आहे. ऑर्काच्या सेटिंगमध्ये, इन्सर्ट धरून स्पेस दाबलं की उघडतं, व्हॉइस टॅबमध्ये भाषा मराठी निवडायची आणि वेग निम्म्यावर आणायचा. पहिले आठ दिवस कानाला त्रास होईल, मग बसतो. मध्ये इंग्रजी शब्द रोमन लिपीत आला तर तो इंग्रजीतच वाचतो. फोनवरच्या मराठी आवाजाइतका गोड नाही, आधीच सांगतो. पण इंटरनेट लागत नाही आणि की दाबल्याबरोबर बोलतो, कामाला हे दुसरं जास्त उपयोगी.

पेटी_मास्तर :

आभारी आहे. आज मुलीने लावून दिलं. बोलतो खरा, पण 'चमचा' आणि 'चंद्र' यातला च त्याने एकसारखा म्हटला. सुराच्या माणसाला हे खटकतं हो.

म्युनिकची_मराठी :

मास्तर तुमचा कान पक्का आहे! देवनागरीत दोन्ही च एकच लिहितो, तसंच ज आणि झ चं, त्यामुळे मशीनला नुसत्या नियमाने ते कळत नाही, शब्दांची यादी द्यावी लागते. ईस्पीक-एनजीमध्ये मराठीसाठी नियमांची एक फाइल आणि शब्दांची एक फाइल आहे, साधा मजकूर, कुणीही भर घालून पाठवू शकतं. तुम्ही ऐकताना जे शब्द चुकतील ते मुलीला लिहून ठेवायला सांगा. पन्नास झाले की मला द्या, मी त्या फाइलच्या पद्धतीने बसवून पाठवते. इथे प्रोग्रामरपेक्षा तुमच्यासारखा माणूस जास्त हवाय.

पेटी_मास्तर :

पन्नास कशाला, शंभर देतो.

कमांड_काका :

मंडळी, मुलं येण्याआधी स्वतः करून बघायचं ठरवलं. जुना डेस्कटॉप घेतला आणि मॉनिटरची केबलच काढून कपाटात ठेवली म्हणजे मोह नको. एक बीप आली, एस, एंटर, बोलायला लागलं. पहिली दहा मिनिटं फार अवघड गेली, तो बोलायचा थांबला की मला वाटे अडकला, आणि मी काहीतरी दाबून बसे. हळूहळू कळलं की ८ दाबून परत विचारायचं. दुसऱ्या वेळेला पूर्ण झालं.

मग चुकून (चुकून नाही, सवयीने) एन्क्रिप्टेड डिस्कवाला पर्याय घेतला. रीस्टार्ट केलं आणि पूर्ण शांतता. दहा मिनिटं बसलो, मग केबल लावून बघितलं तर डिस्कचा पासवर्ड मागत उभा. म्हणजे इतकं सगळं बोलणारा इन्स्टॉलर, आणि पहिल्याच दारात पुन्हा मुका. यावर उपाय काय?

आणखी एक. फेडोरा वर्कस्टेशन ही डिस्ट्रोही बघितली. लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालू झाल्यावर ऑल्ट सुपर एस दाबलं की ऑर्का बोलतो, पण इन्स्टॉल करून रीस्टार्ट केल्यावर स्वागताची जी पानं येतात, नाव-पासवर्डची, तिथे परत तेच दाबावं लागलं. ती पानं वेगळ्या तात्पुरत्या युजरखाली चालतात म्हणे. माहीत असेल तर दोन सेकंदांचं काम. नसेल तर?

मिरजेचा_श्रोता :

काका, मॉनिटरची केबल काढून बसलात हे वाचून बरं वाटलं, असं कुणी करत नाही.

एन्क्रिप्शनचं दुखणं जुनं आहे. तो पासवर्ड मागतो तेव्हा सिस्टीम अजून अर्धवटच उठलेली असते, साउंडही नाही आणि ऑर्काही नाही. ब्रेल डिस्प्लेवाल्यांना ब्रेलटीटीवाय हा ब्रेलचा प्रोग्राम त्या टप्प्यात घालता येतं, आवाजवाल्यांना तयार सोय नाही. मी ऑफिसच्या मशीनवर जे करतो ते असं, सुरू झाल्यापासून मनात चाळीस मोजतो, पासवर्ड टाकून एंटर, मिनिटभरात लॉगिनचा आवाज आला नाही तर पुन्हा पासवर्ड. ज्या मशीनला बीपचा स्पीकर आहे तिथे ग्रबच्या (चालू होताना सिस्टीम निवडायचा मेनू दाखवणारा प्रोग्राम) सेटिंगमध्ये सुरुवातीचा सूर लावता येतो, जीआरयूबी इनिट ट्यून नावाची ओळ आहे, म्हणजे निदान मोजायला कुठून सुरुवात करायची ते कळतं. पण मुलांना पहिल्या दिवशी एन्क्रिप्शन नको. आधी एकदा सगळं बोलतं हे त्यांना कळू दे.

एफवायची_शलाका :

झालं!!!!

हात मांडीवर ठेवले. मनात मोजत होते, शंभराच्या पुढे गेले आणि वाटलं नाहीच होणार, आणि तेवढ्यात बोलला. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतली मुलगी धावत आली. मग मी तिला म्हटलं तू बस पण सांगू नकोस काही. पार्टिशनला विंडोज ठेवायचं होतं म्हणून मोकळ्या जागेचाच पर्याय घेतला, जागा मी आधीच विंडोजमधून काढून ठेवली होती. साइज तीनदा ऐकली. डेस्कटॉप म्हणून माटे टाकलं. रीस्टार्टनंतर लॉगिन बोललं, ऑर्का बोलला, वायफायचा पासवर्ड मीच टाकला.

फक्त एक अडचण राहिलीये. चालू करताना विंडोज की लिनक्स विचारतो तो मेनू मुकाच आहे. सध्या पाच सेकंद थांबते म्हणजे लिनक्स येतं, आणि विंडोज हवं असेल तर खालचा बाण दोनदा आणि एंटर, हे रूममेटकडून एकदा बघून घेतलं. पण अपडेटनंतर क्रम बदलला तर?

मिरजेचा_श्रोता :

शाब्बास गं शलाका!

क्रम कधीकधी बदलू शकतो. म्हणून मेनूवर अवलंबूनच राहू नकोस. लिनक्समधून टर्मिनलला ग्रब-रीबूट ही कमांड असते, तिला विंडोजच्या एंट्रीचं नाव दिलं की फक्त पुढच्या एका वेळेला विंडोज येतं, नंतर आपोआप लिनक्स. त्याच्यासाठी सेटिंगमध्ये ग्रब डीफॉल्टच्या पुढे 'सेव्ह्ड' लिहून अपडेट-ग्रब चालवावं लागतं. एंट्रीचं नाव ग्रबच्या कॉन्फिग फाइलमध्ये सापडतं, त्यात विंडोज शब्द शोध आणि अवतरणातलं अक्षर न् अक्षर तसंच घे.

रविवारी संध्याकाळी सातला फोनवर बसू, तू टाइप कर, मी ऐकतो. आणि टर्मिनलमध्ये एप्ले, स्पेस, डॅश, एल एवढं चालवून तुझ्या साउंड कार्डाचं नाव इथे टाक. काकांकडे येणाऱ्या मुलांपैकी कुणाचा तसाच लॅपटॉप निघाला तर किती मोजायचं ते आधीच सांगता येईल.

एफवायची_शलाका :

हो दादा, सातला. कार्डाचं नाव आज रात्री टाकते, आत्ता मेस बंद व्हायच्या आत जेवून येते.